विमानाचे अंतर व प्रवासाची वेळ



विषयपत्रिकेवर आमच्या नावापुढे विमानाचा विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांना छापखान्याची चूक वाटली असेल. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, फार तर महागाईभत्त्यावर बोलावे, अशी रीत आहे. परंतु चूक झालेली नाही. दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर कसे मोजावयाचे आणि ते तोडण्यास वेळ किती लागतो, एवढाच प्रश्न आम्ही आज घेतला आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे गणित आम्ही पाळी संपल्यावर रद्दीच्या दुकानातील पुस्तकांतून शिकलो. तेव्हा येथे पांडित्याची अपेक्षा कुणी ठेवू नये.

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून पडला नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता, मंगळवार होता. आमच्या युनियनचे एक जुने सभासद निवृत्तीनंतर अहेरी तालुक्यातील आपल्या गावी जाऊन राहिले होते. रात्री नऊच्या सुमारास ते वारले. थोरला मुलगा आखातात, दोहा येथे वेल्डर होता. धाकट्याने आम्हाला फोन केला. म्हणाला, "काका, दादाला यायला किती वेळ लागेल? गावातले लोक विचारतात, थांबायचं की सकाळीच आटपायचं?"

आमच्याजवळ एका शाळेच्या लिलावात घेतलेला पृथ्वीचा गोल आहे. तीस सेंटिमीटर व्यासाचा. आम्ही तो टेबलावर घेतला, नागपूर व दोहा यांच्यामध्ये दोरा ताणून धरला व तो पट्टीवर मोजला. सुमारे पावणेसात सेंटिमीटर भरला. अशा गोलाचा घेर चौऱ्याण्णव सेंटिमीटर; खऱ्या पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर; म्हणजे एका सेंटिमीटरला सव्वाचारशे किलोमीटर. हिशेब अठ्ठावीसशे ते एकोणतीसशेच्या मध्ये आला. विमान ताशी आठशेच्या वेगाने जाते असे धरले तर साडेतीन तास, चढउतार धरून चार. आम्ही धाकट्याला सांगितले, "थांबा. उद्या दुपारपर्यंत तो घरी येतो."

त्या दोऱ्याने आम्हाला फसविले नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. पुढे अक्षांश-रेखांशांवरून रीतसर गणित केले तेव्हा उत्तर २८४० च्या आसपास आले. ही रीत कुणालाही जमण्यासारखी आहे. नागपूर-मुंबईचे उदाहरण घेऊ. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत फरक दोन अंशांचा. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. तेव्हा ते २२२ झाले. रेखांशांत फरक सहा अंशांहून थोडा अधिक, ६.१८. परंतु रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे आपल्याकडे, विसाव्या अक्षांशावर, पूर्व-पश्चिम अंश १०४ किलोमीटरांचाच भरतो. ते ६४५ झाले. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हाती आल्या. तिसरी सातवीतल्या पोरानेही काढावी. ६८२. अचूक उत्तराशी दोनचार किलोमीटरांचा फरक पडतो, तो पृथ्वी अगदी चेंडूसारखी वाटोळी नसल्यामुळे.

हेच नागपूर रेल्वेने मुंबईपासून ८३७ किलोमीटर आहे. जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे, आणि तोही मुंबईत न शिरता ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे संपतो. रेल्वेला घाट चढावा लागतो, भुसावळला वळावे लागते, कापसाच्या नि केळीच्या बाजारपेठांना हात लावीत जावे लागते. विमान कुणालाच हात लावीत नाही. म्हणून ते जवळ.

परंतु दोन गावांचे अक्षांश-रेखांश आपल्या हाती आले कसे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. चंद्रपूरहून वर्ध्याकडे जाताना हिंगणघाट लागते. तेथे विल्यम लॅम्बटन याची कबर आहे. या माणसाने १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी साखळीने साडेसात मैलांची एक सरळ रेघ मोजली. तिला सत्तावन्न दिवस लागले. त्या एका रेघेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे वीस वर्षे येत राहिला आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला मरण पावला. पुढे एव्हरेस्टने ते काम हिमालयापर्यंत नेले. अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र डोंगरावर चढविणारे हमाल, साखळी धरणारे, निशाण धरून रानात उभे राहणारे, तापाने व वाघाने मेलेले गडी, यांची कबर कोठेही नाही. आज विमानाच्या यंत्रात जो आकडा क्षणात उमटतो, त्याच्या मुळाशी ही साखळी आहे. नागपूरच्या झिरो माइलच्या खांबावर चांद्याचेही अंतर कोरलेले आहे. तेथून जाणाऱ्यांनी एकदा थांबून ते अवश्य पाहावे.

दूरच्या प्रवासात आणखी एक गंमत आहे. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तान, आफ्रिकेचे उत्तर टोक व अटलांटिक समुद्र यांवरून जाते. त्या रेघेने गेले तर १४,२०० किलोमीटर पडतात. गोलावर दोरा ताणला तर तो मात्र उत्तरेकडे उडी घेतो, पासष्टाव्या अक्षांशाला भिडतो आणि मग खाली उतरतो. अंतर भरते १२,५३० च्या जवळपास. वाकडी दिसणारी वाट साडेसोळाशे किलोमीटरांनी जवळची! कागद सपाट आहे, पृथ्वी नाही. अर्थात दोरा ज्या देशांवरून जातो ते देश वाट देतील तरच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागला, आणि अमेरिकेच्या काही विमानांना वाटेत तेल घेण्यासाठी उतरावे लागले. दिल्ली जागची हलली नव्हती. अंतर मात्र वाढले होते.

आता वेळेकडे येऊ. येथे आम्ही मार खाल्ला.

पहिली गोष्ट वाऱ्याची. वर्धा नदीत नाव घालणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. उंचावर, विशेषतः थंडीच्या दिवसांत, उत्तर भारताच्या अंगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो ताशी शंभर धरला तर दोह्याकडे जाणाऱ्या विमानाचा वेग जमिनीवरून पाहता सातशे, परतणाऱ्याचा नऊशे. जाताना चार तास तीन मिनिटे, येताना तीन तास नऊ मिनिटे. आमच्या एका मित्राला वाटले, जाताना गमावले ते येताना मिळाले, फिटंफाट झाली. तशी ती होत नाही. वारा नसता तर दोन्ही मिळून सात तास सहा मिनिटे लागली असती. वाऱ्यात सात तास बारा मिनिटे लागली. कारण विरोधातला वारा अधिक वेळ सोसावा लागतो आणि पाठीवरचा वारा कमी वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. दोह्याचे घड्याळ आपल्यामागे अडीच तास. पहाटे चारला नागपूर सोडलेले विमान सव्वासहाला तेथे उतरले असे तिकिटावर दिसले, तर सव्वादोन तासांत पोहोचलो असे समजणारे लोक आम्ही पाहिले आहेत. खरे तास पावणेपाच. येताना उलटे होते. तिकीट सहा-सात तास दाखविते आणि बसल्या जागी चारही भरत नाहीत. म्हणून दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात आणाव्यात, मग वजाबाकी करावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नागपूर-मुंबईचे ६८२ किलोमीटर ताशी आठशेने एक्कावन्न मिनिटांत संपले पाहिजेत. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपासचा आकडा असतो. उरलेली मिनिटे कोठे गेली? विमान जागचे हलून धावपट्टीपर्यंत रांगत जाते, हळू चढते, हळू उतरते, मुंबईच्या आकाशात आपल्या पाळीची वाट पाहत घिरट्या घालते, उतरल्यावर पुन्हा रांगते. ही सारी वेळ विमानवाले धरतात. त्यांच्या शास्त्रात उड्डाणाची वेळ म्हणजे उड्डाणासाठी विमान प्रथम जागचे हलले तेथून शेवटी स्थिर उभे राहिले तेथपर्यंत. चाकाखालचा लाकडी ठोकळा काढल्यापासून ठोकळा पुन्हा लावीपर्यंत, अशी ती जुनी व्याख्या. हे ऐकले तेव्हा आम्हाला आनंद झाला. कामाचे मोजमाप कोठून सुरू करावयाचे हे निदान एका धंद्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे!

ही ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंतची वेळ एकमेकींशी जुळवून एक सुंदर व्यवस्था आपल्या नागपुरात उभी राहिली होती. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांची ती योजना. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान निघे, चारही नागपुरास एकत्र येत, टपालाची पोती अदलाबदल होत आणि सकाळच्या आत विमाने आपापल्या गावी परत जात. नागपूरच का, ते मोजून पाहा. मुंबई ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५. त्या काळची डाकोटा विमाने ताशी पावणेतीनशेच्या वेगाची. कलकत्त्याच्या विमानाला साडेतीन तास, मुंबईच्याला अडीच. म्हणजे जवळच्याने उशिरा निघावे व दूरच्याने लवकर, तेव्हा मेळ बसणार. एकाला उशीर झाला की तिघे थांबणार. पुढे जेट विमाने आली आणि नागपुरास भेटण्याचे कारण उरले नाही. परंतु पोती वेचणाऱ्या हातांची, सोनेगावच्या त्या अंधारातल्या पाळीची वेळ कोणत्या ठोकळ्यापासून मोजत होते, हे कुणी लिहून ठेवलेले आमच्या वाचनात आले नाही.

आता त्या मंगळवारकडे परत जाऊ.

आमच्या हिशेबात नागपूर होते, दोहा होते, मधले आकाश होते. माणूस नव्हता. मुलाला बातमी कळली त्या रात्रीचे विमान निघून गेले होते. विमान काही दर तासाला नसते. अहेरीच्या लोकांना हे एसटीवरून समजावयास हवे होते आणि आम्हालाही. त्याचा पासपोर्ट मालकाच्या कचेरीत होता व कचेरी सकाळी उघडणार होती. सकाळी साहेब नव्हते. दुपारी रजा मंजूर झाली. तिकिटाला पैसे कमी पडले, ते त्याच्या खोलीतल्या मित्रांनी, त्यांत दोन मलबारी होते व एक नेपाळी, वर्गणी करून भरले. बुधवारी संध्याकाळचे विमान मिळाले. ते चार तासांच्या आत नागपूरला उतरले. मध्यरात्र उलटून गेली होती. बाहेर पडावयास तास गेला. तेथून चंद्रपूर दीडशे किलोमीटर, पुढे बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीचा वैनगंगेवरचा पूल, आलापल्ली, असे आणखी शे-सव्वाशे, आणि मग गावाचा कच्चा रस्ता. गुरुवारी सकाळी साडेदहाला तो घरी पोहोचला. बातमीपासून दारापर्यंत साडेसदतीस तास. त्यांत विमान एक दशांश.

बुधवारी गावाने दुपारपर्यंत वाट पाहिली, कारण आम्ही तसे सांगितले होते. मेमधले चंद्रपूर-गडचिरोलीचे ऊन आपणांस सांगावयास नको. बर्फ आलापल्लीहून दोनदा आणला. तीन वाजता पुन्हा फोन आला, तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. दिवस मावळताना धाकट्याने अग्नी दिला. थोरला आला तेव्हा आम्ही तेथे होतो. तो रागावेल असे वाटले होते. त्याने पिशवी ओट्यावर ठेवली व एवढेच म्हणाला, "काका, विमान तर वेळेवर होतं."

या वाक्याने आम्हाला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. कारण हाच वाद आम्ही तीस वर्षे खाणीच्या तोंडाशी घालीत आलो होतो. आमच्या भागात एका ठेकेदाराच्या कामावर माणसाची हजेरी यंत्राजवळ घेत. गावातून गाडीत बसल्यापासून यंत्राजवळ पोहोचेपर्यंत सव्वा तास जाई, परतताना तितकाच. ठेकेदाराच्या वहीत आठ तास, बायकोच्या हिशेबात साडेदहा. दोन्ही वह्या आपापल्या परीने खऱ्या होत्या. जमिनीखालच्या खाणीत तर उतारावरून चालत कोळसा तोडण्याच्या जागेपर्यंत जाणे हेच एक काम असते. १९५२ च्या खाण कायद्याने जमिनीखाली आठ तासांची मर्यादा घातली होती. पण आठ तास म्हणजे कोठून कोठपर्यंत, यासाठी जगभर भांडावे लागले आहे. अमेरिकेत १९४४ साली लोखंडाच्या खाणीतील कामगारांचे जमिनीखालचे जाणेयेणे हे कामच होय, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. तीन वर्षांत, १९४७ साली, तेथील कायदेमंडळाने नवा कायदा करून अशा मागण्यांना आवर घातला. मोजपट्टीचे शून्य चार पावले सरकले की कोट्यवधींचा फरक पडतो, हे मालकांना गणित न शिकता कळते.

आणि ज्या विमानाच्या ठोकळ्याचे आम्ही मघाशी कौतुक केले, त्याचीही दुसरी बाजू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडात एअर कॅनडाचे दहा हजारांवर विमानसेवक संपावर गेले. त्यांची तक्रार काय होती? पगार उड्डाणाच्या तासांचा; प्रवाशांना चढविणे, सामान लावून देणे, जमिनीवर तिष्ठणे, याचे दाम नाही. विमान जागचे हलल्यावर त्यांचे घड्याळ चालू होणार! सरकारने कामावर परत जाण्याचा हुकूम काढला, तो त्यांनी मानला नाही, आणि तीन-चार दिवसांत जमिनीवरील कामालाही दाम देण्याची तडजोड झाली. आपल्याकडे वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेणारा नियम २०२५ मध्ये लागू झाला. त्यापुढचे रात्रीच्या उड्डाणांचे निर्बंध नोव्हेंबरात आले, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. प्रवासी विमानतळावर रात्री काढीत होते तेव्हा पुष्कळांनी वैमानिकांना दोष दिला. विश्रांतीचे तास माहीत असूनही माणसे पुरेशी ठेवली नाहीत, हा साधा हिशेब फार थोड्यांनी मांडला.

चंद्रपूरला विमानतळ झाला असता तर हे झाले नसते, असे आम्हाला त्या वेळी एकाने सांगितले. मोरव्याची धावपट्टी आपण पाहिलीच आहे. राजुरा तालुक्यात मूर्ती-विहीरगावच्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षे आपण ऐकली, त्यात वनजमिनीचा नि वाघांच्या वाटेचा प्रश्न आला. आमचा विमानतळास विरोध नाही. पण त्या मुलाच्या साडेसदतीस तासांत चंद्रपूरच्या धावपट्टीने दोन-तीन तास वाचले असते. पासपोर्टच्या कपाटात, साहेबाच्या सहीत व तिकिटाच्या पैशात एकोणीस-वीस तास गेले. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडच्या माणसाला दोहा काय आणि गडचिरोली काय, सारखेच.

त्यानंतर आम्ही युनियनच्या कचेरीत एक वही ठेवली. आपल्या भागातील जी पोरे बाहेरदेशी जातात त्यांची नोंद तीत घेतो. अंतराचा रकाना आहे, तो शेवटचा. पहिला रकाना पासपोर्ट कुणाजवळ राहणार याचा, दुसरा रजेच्या शर्तीचा, तिसरा आठवड्यात विमाने कोणत्या वारी व किती वाजता, आपल्या घड्याळाप्रमाणे. चौथा, तिकिटाचे पैसे अडीअडचणीला कोण देईल. वही सुरू झाल्यापासून दोनदा तसाच फोन आला. दोन्ही वेळा आम्ही वही उघडून, बोट ठेवून तास सांगितले. एकदा सांगितले की थांबा. एकदा सांगितले की थांबू नका, आटपून घ्या. हे दुसरे सांगणे फार जड गेले, पण खरे निघाले.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिले आहे व मूलकडच्या श्रोत्यांना शेवटची गाडी पकडावयाची आहे. गोल, दोरा व वही येथे टेबलावर ठेवली आहे. ज्यांची मुले बाहेरदेशी आहेत त्यांनी जाण्यापूर्वी नावे लिहून द्यावीत.